लेटरबॉक्स ठेवायला परवानगी कशी मागावी: बेळगाव, खानापूर, चंदगड भागापुरतं उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बेळगावातल्या चार-पाच मित्रांना लेटरबॉक्सिंग, म्हणजे वही-शिक्क्याचे डबे लपवायचा आणि शोधायचा खेळ, सुरू करायचं आहे. राजहंसगड, किल्ल्यातली कमलबस्ती, वज्रपोहा, महिपाळगड आणि एका मित्राच्या मामांची बेळगुंदीची काजूची बाग अशा पाच जागा डोक्यात आहेत. परवानगी मागायला गेलं तर 'नाही' हेच ऐकावं लागेल, मग गुपचूप ठेवून दिले तर काय बिघडतं?

मी शाळांच्या निसर्गशिबिरांसाठी आणि हौशी भटक्यांसाठी या पट्ट्यात बरीच वर्षं असे डबे ठेवत आलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो, 'नाही' बहुतेक वेळा डब्यामुळे येत नाही. चुकीच्या माणसाकडे गेल्यामुळे येतं, नाहीतर बरोबर माणसाच्या मनातल्या शंकांना अर्जात उत्तर नसल्यामुळे येतं. बाकी बरंच जागेवर, हंगामावर आणि त्या वर्षी खुर्चीत कोण बसलंय यावर अवलंबून आहे. त्यामुळे 'असं करा, हमखास मिळेल' असं मी काही लिहिणार नाही.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. वही आणि रबरी शिक्का असलेला डबा रानात ठेवायचा, तिथवर पोचायच्या खुणा कोड्यात लिहायच्या. शोधणारा डब्यातला शिक्का आपल्या वहीत उमटवतो आणि आपला शिक्का डब्यातल्या वहीत. जीपीएस लागत नाही, ते जिओकॅशिंगवाल्यांचं (जीपीएसवर लपवलेले डबे शोधणाऱ्यांचं), आणि ते २००० सालापासूनचं. लेटरबॉक्सिंग इंग्लंडच्या डार्टमूर पठारावरचं. १८५४ मध्ये जेम्स पेरॉट नावाच्या वाटाड्याने क्रॅनमियर पूल या अडनिड्या जागी एक बाटली ठेवली, कष्टाने तिथवर आलेल्याने आपलं कार्ड आत टाकावं म्हणून. नंतर लोक पत्ता लिहिलेली पोस्टकार्डं ठेवू लागले आणि पुढचा येणारा ती टपालात टाकू लागला. तिथले जाणते लोक काही बंधनं स्वतःहून पाळतात: प्राचीन अवशेषांत डबा ठेवायचा नाही, भिंतीत नाही, धोक्याच्या जागी नाही, खणायचं नाही, सिमेंट लावायचं नाही. डार्टमूरच्या उत्तरेकडे लष्कराच्या गोळीबाराच्या सरावाचा भाग आहे, सरावाच्या वेळी तिकडे कोणी फिरकत नाही. ही बंधनं नीट लक्षात ठेवा, आपल्याकडे अर्जाचा अर्धा मजकूर त्यातूनच तयार होतो.

आता रेंजरच्या, म्हणजे वनखात्याच्या स्थानिक अधिकाऱ्याच्या, जागी स्वतःला बसवून बघा. 'नाही' म्हटलं तर त्याला कोणी जाब विचारत नाही. सही केली आणि उद्या काही झालं, तर फाइलवर नाव त्याचं. आपल्या भागात काय काय होऊ शकतं हे त्याला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

पहिली शंका बेवारस वस्तूची. बेळगाव लष्करी गाव आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथे, सांब्र्याला हवाई दल. अशा ठिकाणी झुडपात बंद डबा दिसला तर पोलीस तो उघडून बघत बसत नाहीत, बॉम्बशोधक पथक बोलावतात.

दुसरी शंका बाहेरच्या लोकांच्या लक्षातच येत नाही, ती गुप्तधनाची. जुनी देवळं, गढ्या, गडांचे बुरूज पोखरणारे लोक आपल्या भागात पूर्वापार आहेत, आणि गावकऱ्यांचा डोळा त्यांच्यावर असतो. 'वडापासून उगवतीकडे तीस पावलं, मग दोन धोंड्यांच्या मध्ये' असा तुमचा कोड्याचा कागद कुणाच्या हाती लागला तर तो खजिन्याचा नकाशाच वाटणार. चार अनोळखी पोरं तो कागद घेऊन देवळामागे फिरताना दिसली की पुढचं सांगायला नको. म्हणून कोड्याची प्रत उत्तरासकट अर्जाला जोडा. आपलं गुपित फुटेल म्हणून कचरू नका, रेंजर काही शिक्के गोळा करत नाही.

तिसरी करणीची. शिवेवर, वडाखाली, तिकाटण्यावर सापडलेला डबा आणि आत लाल शाईचे डाग, एवढं पुरतं. मी लाल शाई कधीच वापरत नाही, निळी किंवा हिरवी. डबा काळ्या फडक्यात गुंडाळत नाही, दोऱ्याने बांधत नाही. अमावास्येच्या आसपास ठेवायला किंवा तपासायला जात नाही. तुम्ही हसाल, पण खानापूर तालुक्यात कुठल्याही गावच्या पंचांना विचारून बघा, ते हसणार नाहीत.

चौथी शंका साप आणि जनावरांची. दगडाच्या फटीत हात घालून डबा काढायचा, हे ऐकलं की फॉरेस्टवाल्याच्या डोळ्यासमोर फुरसं किंवा घोणस येते. पश्चिमेकडच्या जंगलात अस्वल आणि गवे आहेत, दांडेलीकडचे हत्तीही उतरतात. त्यामुळे माझा नियम असा की डबा अशा जागी हवा जिथे हात जाण्याआधी डोळा जातो: पडलेल्या ओंडक्याच्या उघड्या बाजूला, रचलेल्या दगडांच्या मागे, पण बिळात, ढोलीत, वारुळाजवळ कधीच नाही. आत खाऊ, चॉकलेट, वासाची कुठलीही वस्तू नको. माकडं झाकण उघडायला शिकतात आणि अस्वलाला तर झाकणाची पर्वाच नसते.

शेवटची शंका गर्दीची, आणि हल्ली ती सगळ्यांत मोठी आहे. २०२४ च्या जानेवारीत कुमारपर्वतावर ट्रेकर्सची झुंबड उडाली, त्यानंतर कर्नाटक सरकारने ऑनलाइन नोंदणी नसलेल्या ट्रेकवर तात्पुरती बंदी घातली. तेव्हापासून 'लोक आपापले येतील आणि शोधतील' हे वाक्य वनखात्यात चालत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात धबधब्यांवर जायलाही बंदी येते, ती याच कारणाने. तुमच्या डब्यामुळे महिन्याला किती माणसं, कुठल्या वाटेने, कुठल्या वेळेत येतील याचा प्रामाणिक अंदाज लिहा. आकडा लहान असेल तर तोच तुमचा सर्वांत चांगला मुद्दा आहे.

हे झालं अधिकाऱ्याच्या मनातलं. पण आधी तो अधिकारी कोण हे ठरायला हवं, आणि सीमाभागात तिथेच लोक गोंधळतात.

मोबाइलवर कर्नाटक सरकारचं दिशांक ॲप घ्या. जागेवर उभं राहून उघडलं की सर्व्हे नंबर आणि जमिनीचा प्रकार दिसतो. मग त्या नंबरचा उतारा, म्हणजे पहाणी, काढून नाव बघा. फॉरेस्ट असेल तर वनखातं. सरकारी गायरान किंवा खराब जमीन असेल तर महसूल खातं, पण सुरुवात ग्रामपंचायतीच्या पीडीओपासून (पंचायत विकास अधिकाऱ्यापासून) करा, तहसीलदाराच्या कचेरीत थेट गेलात तर तुमचा कागद फिरत राहतो. देवस्थानची जमीन असेल तर मुजराई खात्याचं (सरकारच्या देवस्थान खात्याचं) देऊळ आहे की गावच्या पंचांच्या हातातलं, हे गावातच कळतं. धरणाजवळची जागा पाटबंधाऱ्यांची असते. हिडकल धरणाच्या परिसरात जायचं तर नीरावरी निगमला (कर्नाटकच्या पाटबंधारे महामंडळाला) विचारावं लागेल. राकसकोपचं पाणी शहर पितं, तिथे डबा ठेवायची कल्पनाच सोडा. रेल्वेच्या हद्दीत, लोंढ्याकडच्या रुळांलगत, कोणी विचारूही नये.

महिपाळगडाचं मात्र वेगळं. बेळगावकर वैजनाथला जाऊन गडावर चढतात आणि परत घरी जेवायला येतात, त्यामुळे तो आपलाच वाटतो. पण तो चंदगड तालुक्यात, कोल्हापूर जिल्ह्यात, म्हणजे महाराष्ट्रात आहे. दिशांक तिथे कामाचं नाही, महाराष्ट्र सरकारच्या महाभूलेख संकेतस्थळावर सातबारा बघा. वनखातं वेगळं, तहसीलदार वेगळा, अर्ज मराठीत. आणि गडावर माणसं राहतात, गडाच्या आतच गाव आहे. तिथे ग्रामपंचायतीला आणि गावकऱ्यांना न विचारता ठेवलेला डबा दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी गोठ्यात सापडेल. ते बरंच झालं म्हणायचं, भंगारात गेला नाही म्हणून.

भाषेबद्दल स्पष्ट बोलतो, कारण या भागात हा विषय लोक टाळतात. कर्नाटकातल्या सरकारी कचेरीत द्यायचा अर्ज कन्नडमध्ये द्या. तुम्हाला लिहिता येत नसेल तर लिहिणारा मित्र शोधा, बेळगावात तो मिळतोच. मराठी प्रत सोबत जोडायला काहीच हरकत नाही. भाषेचा प्रश्न महत्त्वाचा आहे, पण तो एका डब्याच्या परवानगीच्या अर्जावर सुटणार नाही, उलट डबा मात्र त्यात अडकेल. गावच्या पंचांशी मात्र मराठीतच बोला, तिथे कन्नड अर्ज पुढे केलात तर ते बुचकळ्यात पडतील. डब्यावरची चिठ्ठी कन्नड, मराठी आणि इंग्रजी अशी तिन्ही भाषांत लावा: हा खेळ आहे, आत फक्त वही आणि शिक्का आहे, अमुक कार्यालयाच्या परवानगीने ठेवला आहे, हलवायचा असेल तर या नंबरवर कळवा.

वेळेचंही गणित आहे. डिसेंबरच्या सुमारास बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं तेव्हा जिल्ह्यातला प्रत्येक अधिकारी आणि पोलीस बंदोबस्तात असतो, त्या दिवसांत तुमचा कागद कोणी वाचणार नाही, आणि नवा डबा तर कुठेच ठेवू नये. १ नोव्हेंबरच्या, कर्नाटक राज्योत्सवाच्या, आसपासही तेच. फेब्रुवारी ते मे फॉरेस्टवाले वणव्यांच्या मागे असतात. जून ते सप्टेंबर पश्चिमेकडे डबा ठेवण्यात अर्थ नाही. कणकुंबी-आमगावकडचा पाऊस कर्नाटकातल्या सर्वाधिक पावसांपैकी आहे, तिथे कुठलंही झाकण टिकत नाही आणि वहीचा लगदा होतो. म्हणजे अर्ज द्यायला चांगला काळ दोनच: गणपती झाल्यावर ऑक्टोबरचा मध्य येईपर्यंत, नाहीतर जानेवारीत. मी अर्जातच लिहितो की डबा ऑक्टोबर ते मे राहील आणि पावसाआधी उचलू. मुदत ठरलेली असली की सही करणाऱ्याला हलकं वाटतं. कायमची परवानगी कोणी देत नाही, मागूही नये.

अर्ज एका पानाचा हवा. डब्याचं माप आणि कशाचा ते (मी स्टेनलेस स्टीलचा घट्ट झाकणाचा घेतो, प्लास्टिक म्हटलं की वनखात्यात कपाळाला आठी पडते). खणणार नाही, खिळा मारणार नाही, झाडाला बांधणार नाही, रंग लावणार नाही, आहे त्याच वाटेने जाणार. जागेचा फोटो, सर्व्हे नंबर. देखभाल कोण करणार आणि किती दिवसांनी. कधीपासून कधीपर्यंत. जबाबदार दोघांची नावं, फोन, ओळखपत्राची प्रत. आणि सर्वांत महत्त्वाचं एक वाक्य: 'आपण सांगाल त्या दिवशी २४ तासांच्या आत डबा उचलून जागेचा फोटो पाठवू.' हे वाक्य वाचून रेंजरने मान वर केलेली मी अनेकदा पाहिली आहे. त्याच्या हातात परतीची दोरी राहते, मग 'हो' म्हणणं सोपं जातं.

अर्जाबरोबर डबाही घेऊन जा, उघडून टेबलावर ठेवा, शिक्का कागदावर उमटवून दाखवा. शिक्क्यावर त्या भागातलं काही असेल, शेकरू किंवा हळशीच्या देवळाचं शिखर, तर बोलणं आपोआप वाढतं. शाळेचं नाव बरोबर असेल तर अजून चांगलं.

त्या कचेरीच्या आवक-जावक टेबलावर अर्ज देऊन पोच घ्या, इनवर्ड नंबर लिहून ठेवा. फॉरेस्ट गार्डने तोंडी 'ठेवा हो' म्हटलं तरी त्यावर भिस्त ठेवू नका. तो भला असतो, पण त्याची बदली होते आणि नवा गार्ड तुम्हाला ओळखत नाही. महिना-दीड महिन्याने एकदा आठवण करा. तरी उत्तर नाही आलं तर ते 'नाही' समजून दुसरी जागा बघा. गप्प बसणं म्हणजे होकार, असं धरून डबा ठेवणारे आहेत, त्यांच्यामुळे पुढच्या अर्जदाराला दार बंद होतं. माहिती अधिकाराचा अर्ज टाकून दबाव आणायचा सल्ला काही जण देतात, तोही ऐकू नका, एका खेळापायी कायमचं वाकडं घ्यायचं कशाला? फी असेल तर पावती घेऊन भरा. पावतीशिवाय पैसे मागितले तर ती जागा सोडा.

परवानगी मिळाली की एक प्रत जवळच्या पोलीस ठाण्यात द्या. त्याला कायद्याने कोणी भाग पाडत नाही, पण बेवारस डब्याचा फोन आला तर ड्यूटीवरच्या हवालदाराला तुमचा कागद आठवतो.

खाजगी जमिनीबद्दल थोडं लांबण लावतो, कारण नव्याने सुरुवात करणाऱ्याने इथूनच करावी असं माझं ठाम मत आहे. बेळगुंदीच्या मामांची बाग तुमच्या यादीत शेवटी होती, ती पहिली आणा. मामा 'ठेव की, त्यात काय विचारायचं' म्हणतील. तेवढ्यावर थांबू नका. उताऱ्यावर नाव एकट्या मामांचं आहे की भावांचंही? वाटणी झाली आहे का? बागेत कसतंय कोण? डबा बांधावर ठेवू नका, कधीच नाही. बांध हा आपल्याकडे भाऊबंदकीचा विषय, तिथे अनोळखी लोक मोजत-चाचपडत फिरले तर कोर्टात चाललेली मोजणी आहे असंच शेजाऱ्याला वाटेल. बागेच्या मधोमध, घरापासून दिसेल अशी जागा घ्या. शेजारच्या शेतकऱ्यालाही सांगून ठेवा. काजूचा मोसम साधारण फेब्रुवारी ते मे, तेव्हा बी गोळा करायला माणसं असतात आणि परक्या माणसाकडे चोर म्हणूनच बघतात. तेवढे महिने कोडं बंद ठेवा, म्हणजे मामांकडचा डबा जंगलातल्या डब्याच्या उलट कॅलेंडरवर चालेल. कुत्रा असेल तर ते कोड्यातच लिहा, आणि येणाऱ्याने आधी मामांच्या दारात हाक मारून जायचं ही अट घाला. मामांना चहा पाजायची हौस असेल तर अटीची गरजही पडणार नाही.

अशा एक-दोन जागा वर्षभर नीट चालवल्यात की सरकारी अर्जाला जोडायला पुरावा तयार होतो: वहीतल्या नोंदींचे फोटो, जागा होती तशीच असल्याचे फोटो, मालकाचं दोन ओळींचं पत्र. हे जोडलेल्या अर्जाकडे बघण्याची नजरच वेगळी असते. जांबोटी-कणकुंबीकडचे घरगुती मुक्कामवाले, गावातली वाचनालयं, शाळांची आवारं हेही याच वर्गातले, आणि त्यांना हा खेळ मनापासून आवडतो.

आता तुमच्या उरलेल्या जागा. कमलबस्ती सोडा. १२०४ सालचं ते मंदिर केंद्रीय पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे आणि ते ज्या किल्ल्यात आहे तिथे लष्कराचा वावर आहे. १९५८ च्या स्मारक कायद्यात, २०१० च्या दुरुस्तीनंतर, स्मारकाची नासधूस किंवा विद्रूपीकरण केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. डबा ठेवणं म्हणजे नासधूस नव्हे हे खरं, पण तो शोधणाऱ्याने कुठला दगड सरकवला याची हमी तुम्ही देणार का? देगावच्या कमलनारायण मंदिरालाही मी हेच लावतो. कॅम्पचा, म्हणजे लष्करी छावणीचा, सगळा भाग लष्कराच्या वावरामुळेच बाद.

वज्रपोहाही सोडा. गवाळी-चापोलीकडचं ते रान भीमगड अभयारण्याच्या पट्ट्यात येतं. २०११ मध्ये ते अभयारण्य जाहीर झालं, सुमारे १९० चौरस किलोमीटर. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तिथे आत जायलाच परवाना लागतो आणि तो अभ्यास, छायाचित्रण, पर्यटन अशा ठरलेल्या कारणांसाठी मिळतो. मागे वस्तू ठेवून येणं त्यात बसत नाही. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांतली रॉटनची वटवाघळं जगात फार थोड्या ठिकाणी सापडतात. अशा जंगलात आपल्या खेळासाठी नव्या पायवाटा पडू नयेत, असं मला कायद्याशिवायही वाटतं. फारच मन असेल तर हेमाडग्याच्या निसर्ग शिबिराच्या आवारात, त्यांच्या स्वागतकक्षात ठेवता येईल का, एवढं विचारून बघा. शोधण्याची मजा कमी, पण शिक्का तर मिळेल.

राजहंसगड जमण्यासारखा आहे, पण तटबंदीत, बुरुजात किंवा देवळाजवळ नको. पायथ्याची, येळ्ळूरच्या बाजूची एखादी खाजगी जागा बघा. गडाच्या आवारातच हवं असेल तर येळ्ळूर ग्रामपंचायतीत जाऊन देखभाल कुठल्या खात्याकडे आहे ते विचारा आणि त्या खात्याला अर्ज करा. सुट्टीच्या दिवशी गडावर इतकी वर्दळ असते की डबा लपून राहणंही कठीण, म्हणून मी असतो तर पायथाच घेतला असता. महिपाळगडासाठी पहिली फेरी रिकाम्या हाताने करा, डबा न घेता, गावातल्या जाणत्यांशी बोलायला. त्यांनी जागा सुचवली तर तीच घ्या, ती तुमच्या जागेपेक्षा चांगली निघण्याचीच शक्यता जास्त.

म्हणजे राजहंसगड पुढे ठेवला तर सध्या हातात दोनच उरल्या, मामांची बाग आणि महिपाळगड. पहिल्या वर्षाला तेवढ्या भरपूर आहेत. राजहंसगडासाठी कन्नड मसुदा लागला तर तुमचा मजकूर आधी मराठीत एका पानात बसवून इथे टाका, कुठे कमी पडतंय ते मी सांगेन.